पिंडापुढं कबूल केलेला सिंह

१५ जानेवारी, बुधवार

ही डायरी ह्यांची. नव्या वर्षाची. पहिल्या पाच पानांवर ह्यांचं अक्षर आहे आणि पुढं सगळी कोरी. पोफळीला डोंगराच्या पोटातल्या वीजघरात चौतीस वर्षं तासातासाला नोंदी केल्या, ती खोड निवृत्त होऊन जयगडजवळ गावच्या घरी राहायला आल्यावरसुद्धा सुटली नाही. रोज एक ओळ आणि शेवटी 'सर्व ठीक'. पाच तारखेला लिहिलंय, 'खोकला कमी. नारळ उतरवून घेतले. सर्व ठीक.' सहा तारखेला सकाळी चहाचा कप हातात असताना गेले. कसलं मेलं सर्व ठीक!

आज दहावं झालं. आमच्यात दहाव्याला बायका जात नाहीत, तरी मी गेले. लवू भावोजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, म्हणाले, "वैनी, तुमी नुको." मी म्हटलं, "नवरा माझा होता," आणि चपला घातल्या.

खाडीकाठी पिंड ठेवले. कावळे होते, नव्हते असं नाही. माडावर तीन बसले होते, खाली बघत होते, पण उतरत नव्हते. निलेश हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला अंतर देणार नाही." नाही आला. भावोजी म्हणाले, माडांचं आगर एकत्रच ठेवू, वाटणीचं नाव काढणार नाही. नाही आला. दीड तास झाला. ऊन चढलं, भटजी दर्भाचा कावळा करायचं म्हणायला लागले. मला भर उन्हात थंडी वाजायला लागली. ह्या माणसाला आयुष्यात कधी काही हवं असायचं नाही. जे ताटात पडेल ते खायचा. आणि आता अडून बसला होता.

तेवढ्यात भावोजींच्या अंगात काय आलं कोण जाणे, ओरडले, "दादा, वैनी आफ्रिकेत जाईल नि तुझा ऱ्हायलेला सिंह बगून येईल! वर्साच्या आत!"

त्याच वेळी मीही काहीतरी म्हटलं. तोंडातल्या तोंडात. पदरात तोंड होतं, कोणाला ऐकू गेलं नाही.

आणि कावळा उतरला.

सगळ्यांनी हुश्श केलं. भावोजी रडले. मी काय म्हटलं ते इथं लिहिणार नाही. ते माझं आणि ह्यांचं.

१९ जानेवारी, रविवार

भावोजींशी कडाक्याचं भांडले. म्हटलं, "शब्द द्यायचा तर स्वतःच्या पायांचा द्यायचा. माझे पाय तुम्ही कोणाला विचारून दिलेत?" तर म्हणतात, "वैनी, कावला शिवला ना? मग झाला. दादाची इच्छा तीच व्हती."

तीच होती हे सगळ्या घराला पाठ आहे. दीड वर्षापूर्वी, ऑगस्टात, आम्ही दोघं गटाबरोबर केनियाला गेलो होतो. ह्यांनी आयुष्यात हट्ट केला तो तेवढा एकच. चौथ्या दिवशी सकाळी गाडीतल्या रेडिओवर बातमी आली की टेकडीपलीकडं सिंहांचं अख्खं कुटुंब बसलंय, पिल्लं पण आहेत. गाडी तिकडं वळणार, तेवढ्यात माझ्या पोटात कळ आली. मी ह्यांच्या कानात सांगितलं, गाडी परत तंबूंकडं फिरली. पुढचे दोन दिवस पाऊस. सिंह राहिला तो राहिलाच. निलेश अजून सांगतो, बाबांनी आईसाठी सिंह सोडला. ह्यांनी मात्र त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. चिडले असते, बोलले असते तर बरं झालं असतं.

पिंडापुढं दिलेला शब्द पाळला नाही तर माणूस मधेच लटकून राहतो म्हणतात. मी असल्या गोष्टी फारशा मानत नाही. पण मानत नाही म्हणून भीती वाटत नाही असंही नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

पडवीतली वेताची खुर्ची मी रोज सकाळी झाडताना बेड्याकडं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याकडं तोंड करून ठेवते. रोज संध्याकाळी ती सड्याकडं फिरलेली असते. हे तशीच ठेवायचे. बायको पडवीत शेंगा सोलतेय, तिच्याकडं पाठ, आणि तोंड त्या उघड्याबोडक्या कातळाकडं. म्हणायचे, "इथं नजर कुठं आदळत नाही." चौतीस वर्षं बोगद्यात काढली, कबूल. पण मी पण त्या कॉलनीत दोन खोल्यांतच होते की.

आज खुर्चीपाशी बिडीचा वास आला. ह्यांनी बिडी सोडून दहा वर्षं झाली. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. संध्याकाळी निलेश बंदरावरनं ड्यूटी करून आला, त्याच्या शर्टाला पण तोच वास. आता हे मुलाच्या अंगाशी लागलेत की काय? मृणालीला, म्हणजे सुनेला, म्हटलं, "तुला वास येतो का गं?" ती म्हणाली, "नाही आई," आणि भराभर भांडी घासायला लागली. पोर घाबरलेली दिसते. तिला सगळं कळतंय, बोलत नाही.

जायला हवं. दुसरा इलाज नाही.

९ मार्च, रविवार

ह्यांच्या ट्रंकेत केनियाची वही सापडली. चौथा दिवस काढून बघितला. 

'सकाळी लवकर परत. दुपारभर तंबूबाहेर बसलो. वारा छान. सर्व ठीक.'

एवढंच. सिंहाचं नाव नाही. माझ्या पोटाचं नाव नाही. दहादा वाचलं. वीजघरात एकदा आग लागता लागता राहिली होती, त्या दिवशी पण ह्यांनी 'सर्व ठीक' लिहिलं होतं, मला स्वतः हसत सांगितलं होतं. म्हणजे ह्या दोन शब्दांवर भरवसा काय ठेवायचा?

वहीच्या खाली ह्यांची दुर्बीण होती, फडक्यात गुंडाळलेली. तिच्या मधलं चाक मी फिरवलं नाही. ते ह्यांच्या डोळ्यांना लावलेलं आहे.

२२ जून, रविवार

निलेशनं बुकिंग केलं. सप्टेंबरात जागा मिळाली. पितृपक्ष आहे, आपली माणसं सहलीला जात नाहीत, म्हणून गटात रिकाम्या जागा आहेत म्हणे. भावोजींना योग फार चांगला वाटला. "बरोबर टायमाला चाल्लाव, वैनी." मी म्हटलं, तुम्ही पण चला. तर त्यांचा गुडघा लगेच दुखायला लागला.

११ सप्टेंबर, गुरुवार. नैरोबी

पोचले. गटात आम्ही अकरा माणसं. सगळ्यांना सांभाळणारी मुलगी रत्नागिरीचीच आहे, वेदिका नाव तिचं, हुशार आहे, इंग्रजी फडफडा बोलते. मला काकू म्हणते. विमानात माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तिनं विचारलं, "काकू, मी बसू का इथं?" मी "नको" म्हटलं आणि मग मलाच लाज वाटली.

बॅग उघडली तर दोन टॉवेल, दोन कंगवे, दोन लोट्या. भरताना माझं लक्ष कुठं होतं?

१३ सप्टेंबर, शनिवार. नैवाशा

आफ्रिका म्हणजे उकाडा असं कोणी सांगितलं असेल त्याला आणून इथं पहाटे बसवावं. दोन स्वेटर घालून कुडकुडत होते. तळ्यात पाणघोडे बघितले, म्हणजे त्यांचे कान बघितले. बाकी सगळं पाण्यात. होडीवाल्यानं पाऊण तास फिरवलं, आम्ही पाऊण तास कानच बघितले. डब्यात थंडगार कोंबडीची तंगडी, उकडलेलं अंडं आणि केळं. गटातल्या एका बाईंनी खाकरा आणला होता, त्यावर सगळे तुटून पडले. रस्ता असा की कमरेचे मणके मोजून घ्यावेत.

जिराफ मात्र बघितले. सात. एक रस्त्यात येऊन थांबला आणि गाडीत डोकावून बघायला लागला, पापण्या केवढाल्या! मी खुदकन हसले. अगदी मोठ्यानं. आणि हसता हसता थांबले, कारण मागच्या खेपेला ह्याच जिराफांपाशी हे हसले होते. खदाखदा. मी दचकून बघितलं होतं, की हा आवाज कोणाचा?

दुपारी गाडीत डुलकी लागली तेव्हा शेजारी कोणीतरी घसा साफ केला. ह्यांच्यासारखा, दोनदा. डोळे उघडले तर शेजारी माझीच पिशवी.

१४ सप्टेंबर, रविवार. मारा

आजपासून गाडीचा ड्रायव्हर बदलला. आणि कोण निघावा? मुतुआ! मागच्या खेपेचाच. उंच, दातांत फट असलेला. त्यानं मला लांबून ओळखलं. "मामा! मामा!" करत आला. इकडं आईला मामा म्हणतात. मागच्या वेळी मला ह्याचाच राग यायचा, की चांगली साडी नेसलेली बाई, मामा काय म्हणतोस?

माझ्या मागं बघत त्यानं काहीतरी विचारलं. त्यात 'तुंबो' असा शब्द होता. मला वाटलं जनावराचं नाव आहे. मी म्हटलं, "नो तुंबो. लायन. ओन्ली लायन." तो हसला, मग माझं कपाळ बघितलं आणि हसायचा थांबला. वेदिका बाकीच्यांचं सामान बघत होती. मी गाडीत जाऊन बसले. ह्यांची जागा उजवीकडं, खिडकीला. ती मोकळी ठेवली.

गवत. बाई बाई, केवढं गवत! मी विसरले होते. कुठं झाड नाही, भिंत नाही, डोंगर लांब कुठंतरी. मला गरगरायला लागलं. मी खाली पायांकडं बघत बसले.

सिंह नाही. तरस होते, ते उष्टं खात होते. हत्ती बघितले, पिल्लू आईच्या पोटाखालून चालत होतं. ते बरं वाटलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज सिंह नाहीच. सगळ्यांना नदी बघायची होती. दाढीवाली रानगुरं हजारोंनी नदी ओलांडतात, मगरी टपून असतात, ते दृश्य म्हणजे ह्या सहलीचा कळस. चार तास काठावर गाड्या लावून बसलो. गुरं आली. एवढी आली की जमीन काळी झाली. अगदी पाण्याला नाकं लावली. पुढचं एक उभं राहिलं, मागं बघितलं, पुढं बघितलं. सगळ्यांनी मोबाईल वर धरले. आणि ते एक उलटं फिरलं, तशी सगळीच फिरली, आणि गेली धूळ उडवत.

गटातला एक जण चिडून म्हणाला, "एवढ्या लांब येऊन मूर्ख ठरलो." मुतुआ म्हणाला, उद्या जातील कदाचित. उद्या आम्ही नदीवर नसणार. मला त्या पुढच्या जनावराचा राग नाही आला. त्याला वाटलं नसेल जावंसं. सगळे बघतायत म्हणून का जायचं?

तंबूबाहेर कापडी खुर्ची आहे. संध्याकाळी मी तिच्यावर बसले नाही. बाजूला पायरीवर बसले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

बघितला.

रेडिओवर बातमी आली, मुतुआनं गाडी अशी सोडली की माझं डोकं टपाला आपटलं. पोचलो तर गाड्याच गाड्या. मी मोजल्या, तेवीस. मधे एक बोरीएवढं झुडूप, आणि त्याच्याखाली तो झोपलेला. उताणा. चारी पाय वर. तोंडावर माशा. लोक हळू आवाजात किंचाळत होते. डिझेलचा धूर नाकात जात होता. मागच्या गाडीतला माणूस ओरडला, "उठव रे त्याला!"

मी ह्यांची दुर्बीण डोळ्यांना लावली. चाक फिरवायचं नाही असं ठरवलं होतं, फिरवलं नाही. शब्द ह्यांना दिलेला, तर बघायचं पण ह्यांच्याच डोळ्यांनी. त्यात मला एक पिवळा डाग दिसला. हळदीचा हात पुसलेल्या फडक्यासारखा. बराच वेळ बघितलं. मनात म्हटलं, अहो, हा बघा. आला ना तुमचा सिंह? बघून घ्या आणि जा आता.

काही झालं नाही. सिंहानं एकदा शेपटी आपटली आणि कुशीवर वळला. मला रडू आलं नाही, हलकं वाटलं नाही, साधी भीतीसुद्धा वाटली नाही. वेदिकानं माझा हात दाबला, म्हणाली, "काकू, झालं ना मनासारखं?" मी मान हलवली. निलेशला फोन केला, तो म्हणाला, "सुटलीस, आई." भावोजींनी तिकडं देवळात नारळ फोडला.

आणि परत येताना गाडीत, उजवीकडं, कोणीतरी दोनदा घसा साफ केला. ह्या वेळी मी जागी होते.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज निघायचा दिवस. नाश्त्याला मी वेदिकाला धरून मुतुआकडं नेलं. म्हटलं, विचार ह्याला, तुंबो म्हणजे काय ते. माझ्या डोक्यातनं तो शब्द जात नव्हता.

ती दोघं बोलली. वेदिकाचा चेहरा बदलला. म्हणाली, "काकू, तुंबो म्हणजे पोट. तो विचारत होता, पोटवाले बाबा कुठं आहेत? काका गेल्याचं मी आत्ता सांगितलं त्याला."

"पोटवाले का?"

"त्या दिवशी काकांनी ह्याला इंग्रजीत सांगितलं ना, माझं पोट बिघडलंय, गाडी फिरव."

माझं नाही. माझं बिघडलंय म्हणून नाही. मी ह्यांच्या कानात सांगितलं आणि हे पुढं वाकून ड्रायव्हरला काहीतरी म्हणाले, ते मी बघितलं होतं. इंग्रजी मला कुठलं येतंय? गाडीतली बाकीची चार माणसं किती चिडली होती. मला वाटलं माझ्यावर. त्यांचा पण सिंह गेला होता. मग उरलेले दोन दिवस ती ह्यांना टोमणे मारायची, जेवताना चूर्णाच्या पुड्या पुढं करायची, "आज गाडीत बसणार ना, का आम्हाला परत आणणार?" मला वाटायचं ह्यांच्या खाण्यावरनं चाललंय. मी पण हसले होते. देवा, मी पण हसले होते त्यांच्यात.

मुतुआ अजून सांगत होता. वेदिका थांबली, मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तो म्हणतो, बाकीचे चिडून आपापल्या तंबूंत गेले, तुम्ही जाऊन आडव्या झालात आणि काका ठणठणीत उभे, तेव्हाच ह्याला कळलं की पोट तुमचं, म्हणून त्यानं काकांना विचारलं होतं. चला, आपण दोघं पटकन जाऊन येऊ, सिंह अजून तिथंच आहेत. काका नाही म्हणाले. म्हणाले, बायको उठली की मला शोधेल. खुर्ची घेऊन बाहेर बसले. आणि... "

"बोल."

"अर्ध्या तासानं तुम्ही बाहेर आलात आणि दोन ताटं भात जेवलात. ते बघून काका ह्याच्याकडं बघून हसले म्हणे. ह्यानं विचारलं, मामाचं पोट बरं आहे ना? तर म्हणाले, हो. मामाचं पहिल्यापासून बरंच होतं."

म्हणजे ठाऊक होतं. पहिल्या क्षणापासून.

आता लिहून टाकते, लपवून काय करायचंय? दहाव्याला पदरात तोंड घालून मी म्हटलं होतं, "अहो, त्या दिवशी माझ्या पोटात दुखत नव्हतं." आणि कावळा उतरला होता. इतके महिने मी स्वतःला सांगतेय की भावोजींच्या सिंहाला उतरला. पण हे जर ह्यांना आधीच ठाऊक होतं तर माझ्या कबुलीचं तरी काय एवढं? घरी आल्यावर वर्षभर माझ्या 'नाजूक पोटा'साठी ह्यांनी रोज ओव्याचं पाणी करून दिलं. समोर उभं राहून प्यायला लावायचे. मला वाटायचं किती भोळा माणूस.

खोटं का बोललीस, असं कोणी विचारलं तर सांगेन, घाबरले होते. सिंहाची भीती कोणाला नसते?

२० सप्टेंबर, शनिवार

घरी. भावोजी हार घेऊन आले होते. बाकी सगळं जाग्यावर. खुर्ची सड्याकडं. बिडीचा वास ताजा. म्हणजे गेले नाहीत. निलेशचे डोळे लाल दिसतात, विचारलं तर म्हणतो, कोळशाची धूळ. मुलाला सोडा हो. त्यानं तुमचं काय केलंय? धरायचं तर मला धरा.

२७ डिसेंबर, शनिवार

तिथीनं आज वर्षश्राद्ध झालं. डायरीची पानं संपत आलीत.

माणसं जेवायला बसली होती, वीसेक. मी खीर वाढत होते. भावोजींना जोर चढला. नव्या पाहुण्यांना सांगायला लागले, "दादानं वैनीसाठी सिंह सोडला, नि वैनीनं दादासाठी सिंह गाठला. आता दादा मोकला झाला." पाहुण्यांमधल्या एक बाई डोळे पुसायला लागल्या. एक म्हातारे माझ्याकडं बघून हात जोडते झाले. माझ्याकडं बघून, हात जोडून!

मी पातेलं खाली ठेवलं. म्हटलं, "माझं पोट दुखत नव्हतं. मी खोटं बोलले होते. आणि त्यांनी ते चार परक्या माणसांत स्वतःवर घेतलं, स्वतःची चेष्टा करून घेतली. त्यात मी पण हसले. हे खरं. बाकी सिंहाबिंहाचं काही खरं नाही."

 भावोजी म्हणाले, "वैनी, जाऊ द्या आता, माणसं जेवतायत." मी पातेलं उचललं आणि पुढच्या पानावर खीर वाढली.

पाहुणे गेल्यावर निलेश मागच्या दारी नळाखालच्या दगडी डोणीपाशी हात धूत होता. बराच वेळ धूत होता. मी जाऊन उभी राहिले. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाला, "का गं आई?"

"घाबरले होते रे."

"तू?" असं म्हणून तो वळला. "फुरशाला चपलेनं मारणारी बाई तू. तू घाबरलीस? माझे बाबा त्या एका गोष्टीसाठी तिथं गेले होते. मला नीट सांग."

त्याचा आवाज फाटला. मला त्या क्षणी दिसलं की हा पस्तिशीचा बाप्या वर्षभर एकदाही माझ्यासमोर रडलेला नाही. मी डोणीच्या काठावर बसले. आणि जे मी त्या माडाखाली पण पुरतं म्हटलं नव्हतं, ते त्याला सांगितलं.

सांगितलं की, तिथं गेल्यापासून तुझे बाबा गाडीच्या उघड्या टपातनं डोकं बाहेर काढून उभे असायचे. दिवसभर. केस उडतायत, तोंडात धूळ जातेय, शुद्ध नाही. गाणं म्हणायचे. त्यांना गाणं येतं हेच मला ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी, रेडिओवर काही यायच्या आधीच, मी खालनं त्यांचा चेहरा बघितला. सिंह नव्हता की हत्ती नव्हता. कोणीच नव्हतं. तरी त्यांचा चेहरा असा झाला होता की मी तो ओळखलाच नाही. छत्तीस वर्षं त्या माणसाला मी रांधून वाढलं, आजारपणं काढली, तुझ्यासारखा मुलगा दिला. लग्नात नाही, तू झालास तेव्हा नाही, कधीच तो चेहरा मी बघितला नव्हता. मला बघवेना. मला वाटलं, ह्याला आत्ताच्या आत्ता इथनं खाली ओढावं.

 नळ वाहत होता, तो निलेशनं बंद केला नाही.

मी म्हटलं, "आणि समोर काय होतं रे? नुसतं गवत."